पाण्यातला धूर

सांगलीचे ड्रॉइंग मास्तर विष्णुपंत उंब्रजपलीकडच्या एका तळ्याकाठी चित्र काढायला येऊन बसले, ते साल होतं एकोणीसशे त्रेचाळीस. त्या मुलखात स्वस्थ बसलेला माणूस पोलिसांना भूमिगत वाटे आणि भूमिगतांना खबऱ्या. पंत दोघांनाही घाबरत. त्या बाबतीत त्यांनी पक्षपात केला नाही.

त्यांची रीत ठरलेली. डोंगर, गाव, देऊळ सकाळच्या उन्हात. पाण्यातली प्रतिबिंबं संध्याकाळी, वारा पडल्यावर. आणि दिसेल तेच काढायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी फौजदार पाठीशी येऊन उभा राहिला, तेव्हा पंतांना आपल्या प्रामाणिकपणाचं फळ दिसलं. चित्रात वर डोंगरावरचं ओसाड देऊळ स्वच्छ. खाली, काल संध्याकाळी काढलेल्या पाण्यात, त्याच देवळातून धुराची रेघ निघालेली.

देवळात तिघं भूमिगत लपलेत हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. ती भुंकत नसत.

"डोंगरावर नाही तो धूर पाण्यात कुठला, पंत?"

रंग ओघळला, पंत म्हणाले. फौजदारानं मान हलवली. ओघळ नेमका देवळालाच कसा, असं त्यानं विचारलं नाही, आणि पंतांना त्याचंच जास्त भय वाटलं.

"संध्याकाळी मी शेजारी खुर्ची टाकतो. पाणी पुन्हा काढून दाखवा."

तो गेला. तळ्याच्या घाटावर गावातली बनुबाई धुणं बडवत होती. ती कुणाच्या बाजूची, पंतांना माहीत नव्हतं. पण दुसरं कुणी नव्हतंच. कागदावरची नजर न काढता ते पुटपुटले, "बाई, आज देवळात चूल पेटता कामा नये."

"आवं मास्तर, मला कशाला सांगताय? मी आपली धुणं धुतीया."

आणखी चार तडाखे देऊन तिनं पिळे बुट्टीत भरले आणि चालू लागली. डोंगराकडे की चौकीकडे, हे वळणावरच्या बाभळींनी दिसू दिलं नाही.

संध्याकाळी फौजदार खुर्चीत, पंत कोऱ्या कागदापुढे. वारा पडला. तळं आरशासारखं झालं. दोघंही पाण्यातल्या देवळाकडे बघत राहिले. पंतांचा कुंचला इतका थरथरत होता की घरं, कळस, डोंगर, सगळं कागदावर लाटांनी हललं. अंधारून आलं. धूर निघाला नाही.

फौजदारानं चित्र हातात घेऊन बराच वेळ न्याहाळलं.

"कालचं मेलेलं वाटत होतं," तो म्हणाला. "आज पाणी अगदी जिवंत उतरलंय. हात बसला तुमचा."