ठकीच्या झोपेच्या तीन वह्या

माझी नात ठकी सात वर्षांची. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. पाय ताठरतात, बोलणं सावकाश, पण जिभेला धार पुरेपूर. शाळा म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि नेमकी तीच सुटायची वेळ आली होती, कारण पहिल्याच तासाला महाराणी डोकं टेकून घोरायच्या. "झोप सुधारेपर्यंत हिला घरीच ठेवलेलं बरं, पुढच्या महिन्यापासून," वर्गाच्या बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं म्हणे. मला मात्र रागच आला.

ठकीला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं, "रात्री जो कोणी हिच्यासाठी उठेल, त्याने वहीत वेळ लिहायची. आठवडाभर."

मी बावन्न वर्षं घड्याळं दुरुस्त केली. वेळ लिहायला मला कोण शिकवणार?

आठवड्याने दवाखान्यात मी ऐटीत खिशातून वही काढली. तेवढ्यात सुनेने पर्समधून एक काढली. बेकरीची गाडी चालवणाऱ्या माझ्या चिरंजीवांनीही एक काढली, लोण्याच्या डागांसकट. आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही वह्या शेजारी शेजारी मांडल्या. "दहाला बाबा. अकराला आई. साडेअकराला आजोबा. बाराला परत बाबा... रात्रीत अकरा वेळा! तुम्ही गेलात तेव्हा ही जागी होती?"

"झोपलेली असायची, हलवलं की जागी व्हायची. पण कूस बदलायची होती ना," सून पुटपुटली.

खुब्याच्या ऑपरेशननंतर दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं, ते आम्ही इमानेइतबारे पाळत होतो. इतर दोघांना झोप मिळावी म्हणून प्रत्येक जण चोरून. मुलगा गजर उशीखाली ठेवून, सून पायमोजे घालून, आणि मी मधल्या वेळात, कारण त्या दोघांच्या घड्याळांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी कधी समोरासमोर आलो नाही, हे विशेष.

"ते सहा आठवड्यांपुरतं होतं. ऑपरेशनला किती दिवस झाले?"

"अकरा महिने," मी म्हणालो. वेळेच्या बाबतीत मी चोख आहे.

डॉक्टरीणबाईंनी ठकीचे सांधे, कातडी, श्वास सगळं तपासलं. पाय ताठरू नयेत म्हणून रात्री बांधायचे पट्टे आवळ होते, ते सैल करून दिले. "आता कूस तिची ती बदलते. हाक मारली तर जा. नाही मारली तर झोपा!"

पहिल्या रात्री आम्हा तिघांचाही डोळ्याला डोळा लागला नाही. ठकी मात्र ढाराढूर.

पंधरा दिवसांनी परत गेलो, तेव्हा सुनेने वर्गाच्या बाईंची चिठ्ठी पुढे केली: मुलगी दिवसभर बडबड करते, समज द्यावी. घरी ठेवण्याचं नावही नव्हतं. सुनेला आनंदाने रडूच फुटलं.

डॉक्टरीणबाई हसून ठकीकडे वळल्या. "काय गं, हे रोज झोपमोड करायचे, मग सांगायचं नाहीस का?"

ठकीने शब्द जुळवायला वेळ घेतला. तिच्याकडे घाई चालत नाही, आम्ही थांबलो.

"मला वाटलं... यांनाच झोप येत नाही. बिचारे... एकेकटे येतात. म्हणून मी... जागायचे. सोबतीला."