डागाखालची बोट

"थांबा! तो ब्रश खाली ठेवा अगोदर," धम्मशीला ओरडली.

धरणावरचा सुपरवायझर गोपाल एका हातात तारेचा ब्रश आणि दुसऱ्या हातात ॲसिडची बाटली घेऊन उभा होता. समोर पुरातून माणसं काढायची फायबरची पांढरी बोट. खालचा भाग शेवाळानं हिरवा झालेला, त्यावर साखळीच्या गंजाचे तांबडे ओघळ. डागाखाली तडा आहे की नाही तेच दिसेना, म्हणून जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या मॅडमनी बोट नापास केली होती. आज दुपारी त्या शेवटचं बघणार होत्या. आजही नापास झाली, तर पावसाळाभर धरणावर बोट नाही. गेल्या वर्षी याच बोटीनं पलीकडच्या वस्तीतली चौदा माणसं काढली होती.

"मावशी, काऊन अडवता? घासल्याबिगर निघन का हे?"

"रंग निघन! मंग आतले धागे उघडे पडतीन अन् पाणी पेतीन. मले तीन घंटे द्या."

"अन् नाही निघालं तं?"

"तं मले कामावरून काढा."

धम्मशीला इथे अकरा वर्षं रोजंदारीवर झाडझूड करत होती. बोट धुवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहून धुवायची. यंदा मुलीच्या बाळंतपणाला ती तीन महिने गेली आणि बोट काठाला तशीच सडत राहिली.

चाकांच्या गाड्यावरची बोट तिनं निंबाच्या सावलीत ढकलून घेतली. तापल्या रंगावर साबण वाळतो. हातमोजे चढवून मऊ फडक्यानं साबणपाणी फिरवलं. शेवाळ सुटलं, गंज तसाच. मग तिनं किराणा दुकानातलं लिंबूसत पाण्यात पातळ कालवलं आणि मागे, इंजिनाखाली, तळहाताएवढ्या जागेवर लावून पाहिलं. पाच मिनिटांनी पुसून फडकं उन्हात धरलं.

"पाहा. तांबडं आलं, पांढरं नाही आलं. रंग शाबूत हाय."

गोपालनं ब्रश ठेवला आणि दुसरं फडकं उचललं.

दीड वाजता सगळी बोट उजळली होती. पुढच्या टोकाजवळची एक काळपट रेघ मात्र हलेना.

"हा तडाच हाय, मावशी," गोपाल रेघेवर वाकून म्हणाला.

धम्मशीलानं ओलं फडकं रेघेवर दाबून ठेवलं, धुतलं, पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा रेघ फिकी झाली, चौथ्यांदा गेली. हातमोजा काढून तिनं तिथे नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"नाही बे! डागच होता!" ती लहान पोरीसारखी हसली.

मॅडम आल्या, बोटीभोवती दोनदा फिरल्या, बोटानं ठोकून पाहिलं.

"नवा रंग कधी दिला?"

"रंग तोच हाय, मॅडम," गोपाल छाती काढून म्हणाला. "मावशीनं बाहेर काढला."

मॅडमनी धम्मशीलाला पूर्ण नाव विचारलं आणि तपासणीच्या कागदावर 'पास'च्या खाली लिहिलं: देखभाल, श्रीमती धम्मशीला कचरू इंगळे. यांना विचारल्याशिवाय बोटीला कुणी काही लावू नये.

"चला, फेरी मारून बघू. तुम्हीही बसा."

बोट पाण्यात उतरवली. अकरा वर्षांत धम्मशीला तिच्यात कधी बसली नव्हती. तिनं तरंगायचं जॅकेट बांधलं, चपला काढून काठावर नीट ठेवल्या आणि आत पाय टाकला.

मॅडमनी त्या चपलांकडे पाहिलं. मग त्या खाली वाकल्या आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.