कोंडू पडला तेव्हा

संजीवनीने सरावासाठी इशाऱ्याचा लाल दिवा लावला आणि हॉलमध्ये कामगार कोंडू ठरल्याप्रमाणे धाडकन पडला, बोहाड्याच्या सोंगांतला राक्षस मरतो तसा. हौसच दांडगी.

वैशाखरे गावापुढे डोंगराच्या पोटात उभारलेलं हे संशोधन केंद्र. यंत्रं गार ठेवायला या हॉलमध्ये नायट्रोजन खेळणार होता. तो गळला, की आतली हवा हटते आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला उचलायला गेलेला त्याच्याच अंगावर. म्हणून धोके तपासणाऱ्या संजीवनीचा नियम एकच: कोणी पडलं तरी आत जायचं नाही, मास्कवाल्या पथकाची वाट पाहायची. हे सगळ्यांना जमतंय अशी तिने सही केली, की सोमवारी गॅस सोडणार.

सगळे बाहेर पळाले. साफसफाईवाली जिवली मात्र झाडू टाकून आत धावली आणि कोंडूचं बखोट धरून ओढू लागली.

"अगं बाई, तूही मेलीस!" संजीवनी कडाडली. "सकाळपासून काय सांगतेय मी?"

"मंग पडलेल्या मानसाला बघत ऱ्हायाचा, ताई?"

"हो! बघत राहायचं!"

बोलून गेली आणि तिला स्वतःचाच राग आला. तरी घसा बसेपर्यंत तिने सगळ्यांना पुन्हा समजावलं. कोंडू आतच आडवा होता. रात्रपाळी करून आलेला. परत पडायचे कष्ट कोण घेणार?

दिवा पुन्हा लागला. या खेपेला कोणी हललं नाही. जिवलीने पदर दातांत धरला होता, पण पाय दाराबाहेरच.

संजीवनीची नजर कोंडूवर गेली. त्याची छाती हलताना दिसेना. नायट्रोजनची नळी तर सकाळीच जोडून झाली होती.

"कोंडू! ए कोंडू!"

पुढचं तिला कळलंच नाही. ती त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली होती, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

कोंडू घोरत होता.

बाहेर हशा पिकला. जिवली तेवढी हसली नाही.

"झकास!" प्रकल्पाचे प्रमुख कमळाकर साहेब म्हणाले. "आता करून टाका सही."

संजीवनी कपडे झटकत बाहेर आली.

"आधी हवेच्या सिलिंडरवाले दोन मास्क या दाराशी टांगा, साहेब. कसे लावायचे ते मी सगळ्यांना शिकवते. तोवर गॅस सोडायचा नाही."

"अहो, पण आता आत जातंय कोण? आपल्या माणसांतलं कोणी गेलं का?"

"मी गेले ना."