बाबांना कुणी विचारलंच नाही

मित्रांनो, मी आठ बटणांचा एक जुना कळफलक आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

भोपाळच्या आनंद नगरात रसिकाने मला घरीच बनवलं. पक्षाघातानंतर तिच्या वडिलांची, सुधाकररावांची, वाचा गेली. उजवा हात लुळा पडला, डाव्या हाताची बोटं आखडली. मोबाइलवरची बारीक अक्षरं त्यांना दाबता येईनात. म्हणून रसिकाने प्लायवुडच्या फळीला भोकं पाडून वाटीएवढी बटणं बसवली. 'पाणी', 'उशी', 'दुखतंय', 'नको'... बटण दाबलं की उशाजवळचा लॅपटॉप तो शब्द मोठ्याने बोले. पहिल्याच दिवशी सुधाकररावांनी 'नको' दाबून दलियाची वाटी परत पाठवली, तेव्हा रसिका हसता हसता रडली.

वायर की वायरलेस, यावर तिने बराच विचार केला होता. वायरलेस सुटसुटीत दिसतं, पण त्याला चार्जिंग लागतं. म्हणून तिने वायरच जोडली. दोन वर्षं मी त्यांचा एकही शब्द गिळला नाही.

मग तिचा थोरला भाऊ तुषार म्हणाला, "अरे यार, पाहुण्यांसमोर हे वायरचं जंजाळ किती बेकार दिसतं." रसिकाने विरोध केला, पण चार्जिंगचं मी बघेन, असं सांगून त्याने तिला गप्प केलं. माझी वायर कापून आत बॅटरी घातली. पाहुण्यांनी वाहवा केली. सुधाकररावांना कुणी विचारलंच नाही.

पंधरा दिवस तुषारने मला चार्ज केलं. पुढे विसरला.

एके दुपारी सुधाकररावांना ताप होता. रसिका कामावर गेलेली. कंपाउंडर इंजेक्शन घेऊन आला. कसली ॲलर्जी आहे का, असं त्याने विचारलं, तर तुषारने मोबाइलमधून मान वर न काढता 'नहीं' म्हटलं. सुधाकररावांनी बाटली ओळखली. त्याच औषधाने पूर्वी त्यांचं अंग सुजलं होतं. त्यांनी 'नको' दाबलं. पुन्हा दाबलं. मूठ आपटली. माझी बॅटरी संपलेली होती.

कंपाउंडर हसला. "बाबूजी खेल रहे हैं," म्हणाला आणि सुई टोचली.

त्यांचा श्वास कोंडला. चार दिवस ते इस्पितळात होते. वाचले, ते नशिबाने.

ते घरी आल्यावर तुषार रोज चार्जिंग करण्याच्या शपथा घेऊ लागला. रसिका शांतपणे म्हणाली, "दादा, वायर तुझ्या डोळ्यांना खुपत होती. आवाज बाबांचा होता."

तुषारने नवी वायर आणून पलंगावर ठेवली आणि खाली बसला. वायर लावू का, हे त्याने बाबांना पहिल्यांदाच विचारलं. सुधाकररावांनी आखडलेल्या बोटांनी वायर त्याच्याकडे ढकलली. त्याने ती जोडली, आणि त्यांनी 'दुखतंय' दाबलं.

"कुठे, बाबा?"

त्यांनी हात छातीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मित्रांनो, वायरलेस वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. कुणाला तेच सोयीचं असेल. पण ज्याचा शब्द त्या वस्तूतून जायचा आहे, त्याला आधी विचारा. शोभा नंतर बघा.