टाकीची शिडी

"टाकी दिसतेय का, तात्या?"

"दिसतेय की. लख्ख दिसतेय. तुम्ही निघा."

फोन ठेवला तरी पायलटचा हात त्यावरून निघेना. खिडकीबाहेर धावपट्टीच्या कडेचं गवत एकदा इकडे लोळत होतं, एकदा तिकडे. वाऱ्याचंही काही ठरत नव्हतं.

तात्या म्हणजे डोंगरापलीकडच्या धावपट्टीचा राखणदार. दोन गावांच्या मध्ये डोंगर, डोंगराला एकच खिंड, आणि खिंडीच्या माथ्यावर पाण्याची जुनी लोखंडी टाकी. पलीकडून टाकी दिसली की खिंड मोकळी. सहा जणांच्या या विमानात ढगापलीकडचं दाखवणारं यंत्र नव्हतं. होते ते तात्याचे डोळे.

पायलट खोलीत तीन येरझाऱ्या घालून पुन्हा खिडकीशी आला. ज्यांनी त्याला उडायला शिकवलं, त्या गुरुजींचा एक नियम होता. आधी आभाळ बघायचं, मग उतारूंची तोंडं. बेत ठरेपर्यंत उतारू बसतात त्या बाकांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. "तोंड बघितलं की आभाळ निवळल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे. स्वतः एकदाच चुकले. एक म्हातारा बाप हात जोडून समोर उभा राहिला, आणि गुरुजी निघाले. विमान पुढच्या उन्हाळ्यात सापडलं.

बावीस वर्षं पायलटने तो नियम पाळला होता. पण आज दाढी करताना, आभाळाकडे बघायच्या आधीच, आरशात त्याने उतारूचं तोंड बघितलं होतं.

सकाळी भाचीचा फोन आला होता. "मामा, डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. आई सारखी दाराकडे बघतेय."

ताई त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता, म्हणजे आई म्हणून त्याला आठवते ती ताईच. शाळेतून यायला उशीर झाला, आभाळ भरून आलं, की ती दारात उभी राहून कुठल्याशा चालीवर म्हणायची,

ढगा ढगा, हो रे बाजूला
बाळ माझा येतो घराला

आणि तो दिसेपर्यंत घरात पाय ठेवायची नाही.

डोंगरापलीकडे ताईच्या घरी रस्त्याने दहा तास. विमानाने चाळीस मिनिटं.

बाहेर मिस्त्री विमानाच्या पंख्यावर हात ठेवून उभा होता. "तेल भरलंय," तो म्हणाला. "चाकांतली हवा तपासलीय."

"तात्या म्हणतो, टाकी दिसतेय."

"असं का."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग, साहेब. मी खालीच राहणार."

पायलट हसला नाही. त्याने चौघा उतारूंना बोलावलं. त्यांतली एक शिवणकाम करणारी बाई, पलीकडे लेकीला द्यायला शिवणयंत्राचं मुंडकं मांडीवर घेऊन सकाळपासून बसली होती. पायरी चढताना म्हणाली, "निघालात एकदाचे, कॅप्टन. मला वाटलं आज मला इथेच दुकान थाटावं लागतंय."

पट्टे बांधून झाले. इंजिन सुरू झालं, काटे थरथरून जागेवर आले. समोर डोंगराची कड कुणी बोटाने पुसावी तशी पुसट होत चालली होती. पण ती अलीकडची बाजू. पलीकडून दिसतेय म्हणाला ना तात्या. लख्ख म्हणाला.

त्याचा हात पुढे सरकला आणि थांबला.

दुसरा प्रश्न विचारायचा राहिला होता.

रोज तो दोन प्रश्न विचारत असे. टाकी दिसतेय का, आणि टाकीची शिडी दिसतेय का. टाकी काय, ढगातही काळ्या ठिपक्यासारखी भासते. शिडी मात्र दिसली तरच दिसते. बावीस वर्षांत हा प्रश्न तो कधी विसरला नव्हता. आजही विसरला नव्हता, हे त्याला नीट माहीत होतं. उत्तर काय येईल याची भीती वाटून त्याने तो गिळला होता.

त्याने इंजिन बंद केलं. पंखा अडखळत थांबला. मागून बाई म्हणाली, "आता काय राहिलं?"

त्याने फोन लावला. "तात्या, शिडी दिसतेय का?"

"शिडी... आहे ना शिडी. जाणार कुठे ती?"

"आहे का विचारलं नाही. दिसतेय का?"

पलीकडे वारा ऐकू येत होता.

"अहो, तीस वर्षं बघतोय ती टाकी. डोळे मिटले तरी दिसते मला."

"मग उघडून सांगा."

 तात्या आवाज खाली आणून म्हणाला, "काही नाही दिसत. सकाळपासून नाही. काल ताईंना बघून आलो हो. म्हणून म्हटलं... तुम्ही येताय तर वाट असेलच."

"कळलं, तात्या."

"रागावू नका."

"नाही रागावत. माझंही तसंच झालं होतं."

उतारू खाली उतरले. एक जण पुटपुटला, बाई मात्र स्पष्ट बोलली. "एवढंसं तर धुकं आहे. आमच्या लेकीनं किती वाट बघायची?" त्याने विमानाच्या आडोशाला जाऊन भाचीला फोन लावला. भाचीने तो आईच्या कानाशी धरला.

"ताई, खिंड ढगाने भरलीय."

आधी नुसता श्वास आला. मग शब्द. "मग... खालून ये."

"संध्याकाळ उलटेल."

"उलटू दे." पुन्हा श्वास. "जेवून निघ रे."

मिस्त्रीने आपला डबा त्याच्या हातात दिला.

बस सकाळी अकराला सुटली. तेच चार उतारू आणि पाचवा तो. दुसऱ्याच्या हातातल्या चाकाकडे बघत बसायची त्याला सवय नव्हती. प्रत्येक वळणाला त्याचे पाय आपोआप दाबले जात. डबा उघडून त्याने चार घास खाल्ले, ताईने सांगितलं होतं म्हणून. मनात हिशेब चालूच. आत्ता पोचलो असतो. आत्ता तिच्या उशाशी असतो. आत्ता तिने विचारलं असतं, इतका वाळलास का.

दिवस कलता कलता बस खिंडीत आली आणि थांबली. काचेपुढे नुसतं पांढरं. कंडक्टर हातात बॅटरी घेऊन रस्ता बघायला पुढे गेला आणि चार पावलांत दिसेनासा झाला. पायलटला आत बसवेना. तो उतरला, रस्त्याच्या कडेने हात पुढे धरून चालू लागला, आणि हात थंड लोखंडावर आपटला.

शिडी होती. नाक टेकवलं तरी दिसत नव्हती. त्याने चाचपून पायऱ्या मोजल्या. पाचवीपर्यंत हात पोचला.

खिशातला फोन वाजला. भाची होती. तिचा आवाज अगदी सावकाश येत होता. "मामा, कुठवर आलात?"

"टाकीपाशी."

"बरं," ती म्हणाली. "आता घाई करू नका. जपून या."

तो तसाच उभा राहिला. मग कंडक्टरची हाक आली तेव्हा बसमध्ये चढला. शिवणकामवाली बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "दिसली का टाकी, कॅप्टन?"

"नाही," तो म्हणाला. "हाताला लागली."

बाईने यंत्र दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि सरकून त्याला खिडकीजवळ जागा करून दिली. बस सुरू झाली. शिडीचा गंज लागलेला तळहात त्याने पुसला नाही. गुडघ्यावर उताणा ठेवून तो काचेबाहेरच्या पांढऱ्याकडे बघत राहिला.