बटणाएवढ्या रोपाचं ऊन

गिरीज गावच्या बॅप्टिस्टने पैज लावली, आणि तीही कुणाशी, तर पोटच्या पोरीशी. अडुसष्ट वर्षांचा माणूस, केळी-नारळाची अख्खी वाडी राखलेला, आणि पैज कशावर? तर बटणाएवढ्या एका रोपावर. आता बोला!

त्याचं असं झालं. टिफनीने अंधेरीच्या लॅबमधली नोकरी सोडली आणि घरी येऊन सांगितलं, "पप्पा, मला विहिरीमागचा कोपरा द्या. सक्युलंटची नर्सरी काढते." सक्युलंट म्हणजे जाड पानांची, कमी पाण्यावर जगणारी, टेबलावर ठेवायची ती चिमुकली झाडं. बॅप्टिस्टने तिच्या हातातलं एक घेऊन उलटसुलट पाहिलं. ना फळ, ना भाजी, ना बाजारात न्यायला फूल.

"ही तर कोरफडीची चुलत बहीण," तो म्हणाला. "बांधावर फेकली तरी जगेल. हिला जमीन कशाला?"

टिफनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग जगवून दाखवा एक. या ईस्टरपासून पुढच्या ईस्टरपर्यंत. पण असंच गोल, असंच बसकं राहिलं पाहिजे. राहिलं तर कोपऱ्याचं नाव काढणार नाही, परत नोकरी शोधीन. नाही राहिलं तर कोपरा माझा."

"कबूल!" बॅप्टिस्ट म्हणाला. आतून बायकोने, लिडियाने, कपाळावर हात मारून घेतला, तो बाहेरपर्यंत ऐकू आला.

वाडीत कोवळं रोप आलं की पहिल्यांदा केळीच्या सावलीत ठेवायचं आणि पाटाचं पाणी दाखवायचं, ही बापजाद्यांची रीत. त्याने तेच केलं. महिन्याभरात रोप दुप्पट उंच! स्वारी खूश. भेटेल त्याला बोलावून दाखवायची, "बघा, हातगुण म्हणतात तो हा!"

टिफनीने पाहिलं आणि पोट धरधरून हसली. "पप्पा, हे वाढलेलं नाही. ऊन मिळेना म्हणून शोधत निघालंय. उंच झालं म्हणजे हरलं."

बॅप्टिस्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नास वर्षं उंचीवरून झाडाची तब्येत सांगत आलेला माणूस तो. लेकीला दया आली. शेंडा छाटून पुन्हा लावायची एकदाच सवलत दिली. छाटणी काही त्याला शिकवायला नको होती. शेंड्याने मूळ धरलं. पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. ऊन शोधतं म्हणजे? ऊन तर सगळीकडे असतं, की नसतं?

आधी त्याने रोप उघड्यावर ठेवलं. मे महिन्याचं ऊन ते, दोन दिवसांत पानं करपली. मग पडवीत आणलं. पावसाळ्यात पडवी अंधारली, तेव्हा पायरीवर पारदर्शक पत्रा बांधून त्याखाली ठेवलं. ऑक्टोबरात वीतभर आत घेतलं. आणि दर रविवारी, मिस्साच्या प्रार्थनेहून आल्यावर, चर्चची बाराची घंटा झाली की पडवीत जिथवर ऊन पोचलेलं असेल तिथे चुन्याची रेघ मारायला लागला. रेघा आत आत सरकायला लागल्या. जूनमध्ये पायरीपलीकडे थांबणारं ऊन डिसेंबरात थेट बाकड्याखाली! सूर्य दक्षिणेकडे कलतो हे शाळेत त्यानेही घोकलं होतं. पण ते आपल्याच पडवीत घडतं, हे काही मास्तर बोलले नव्हते.

"ही पडवी आहे की पोराची वही?" लिडिया करवादली.

"पुसू नकोस गं! पुढच्या रविवारी कळेल कुठवर येतं ते."

पडवीची ही तऱ्हा, तर वाडीची काय असेल? नोव्हेंबरातच एका दुपारी कुंडी हातात घेऊन तो विहिरीमागे गेला आणि उभाच राहिला. कोपऱ्यात ऊनच नव्हतं. भिंतीपलीकडे सात मजली बिल्डिंग झाली त्याला तीन वर्षं झाली होती आणि सूर्य नेमका तिच्या आड. एप्रिलमध्ये टिफनीने जागा पसंत केली तेव्हा सूर्य डोक्यावर होता, कोपरा कसा लख्ख होता. आता बॅप्टिस्ट रोज जाऊन बघू लागला. जानेवारी सरेपर्यंत तिथे दुपार अशी उजाडलीच नाही. टिफनीला याची गंधवार्ता नव्हती. ती नालासोपाऱ्याच्या एका नर्सरीत काम शिकायला जायची, घरी यायची ती दिवेलागणीला.

आता आली का पंचाईत! पैज हरावी, तर पोरीच्या हाती अंधारा कोपरा येणार, पहिल्याच हिवाळ्यात सगळी रोपं लांबुडकी. जिंकावी, तर पोर मान खाली घालून नोकरी शोधणार. मग बाराही महिने ऊन कुठे टिकेल? ईस्टरआधीच्या उपासकाळाचे चाळीस दिवस तो कुंडी घेऊन वाडीभर हिंडला, भिंतीची उंची, माडांच्या सावल्या पाहत, पडवीतल्या रेघांवरून अंदाज बांधत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. शेवटी जागा सापडली, आणि तो स्वतःवरच चिडला. नेमकी तीच? फाटकाजवळचा वांग्यांचा वाफा. गुडघे गेल्यापासून सगळी वाडी गडीमाणसं बघत. तेवढा एक वाफा काय तो बॅप्टिस्ट अजून स्वतःच्या हाताने करी.

ईस्टरला टिफनीने कुंडी हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. गोल, घट्ट, पानांच्या कडांना गुलाबी झाक. तिचा चेहरा उतरला.

"जिंकलात, पप्पा. उद्यापासून अर्ज टाकते."

"विहिरीमागचा कोपरा तुला मिळायचा नाही," बॅप्टिस्ट म्हणाला. "नोव्हेंबर ते जानेवारी तिथे ऊन येत नाही. ती बिल्डिंग आडवी येते. तू वांग्यांचा वाफा घे. फाटकापासून चिंचेपर्यंत, सगळा."

लिडिया पुढे झाली. "अहो, आणि तुम्ही? सकाळी उठून जाणार कुठे?"

आठ दिवस हाच प्रश्न तो स्वतःला विचारत होता.

टिफनीने डोळे पुसले, बापाच्या शेजारी बाकड्यावर टेकली. "सावलीची जाळी कशी बांधू तिथे? तुम्ही वर्षभर बघितलंय."

"मे महिन्यात दाट जाळी," तो सांगू लागला. "जूनला जाळी काढून पारदर्शक पत्रा. ऑक्टोबरला पुन्हा जाळी, पण पातळ. नाताळात सगळं उघडं..."

तिने पिशवीतून पेन आणि वही काढली. बॅप्टिस्टने वहीवर हात ठेवला.

"लिहून नको घेऊस," तो म्हणाला. "दर महिन्याला मला विचारायला ये."