मडमेच्या दिव्याचा दगड

"ताई, इथून समुद्र दिसतो का हो?"

संग्रहालयाच्या नव्या साहेबांनी अगदी साधेपणानं विचारलं, तरी चावीताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. नुकतीच कुठे त्यांची गोष्ट रंगात येऊन संपली होती. गोऱ्यांच्या कंपनीनं हे बंदर कसं वसवलं, आधी धक्का, मग टेकाडावर वखार कशी बांधली, आणि एका कप्तानाची मडम रोज संध्याकाळी चढणीवरच्या या दगडावर दिवा ठेवून नवऱ्याच्या जहाजाची वाट कशी बघायची. जहाज बुडालं, पण दिवा काही विझला नाही. इथे बघायला आलेल्या बायका हमखास डोळे पुसत. साहेबांनी मात्र डोळे पुसायचे सोडून समुद्राची चौकशी मांडली होती.

वखारीचं संग्रहालय झालं तेव्हापासून दार उघडणं, तिकिटं फाडणं आणि ही गोष्ट सांगणं, अशी तिन्ही कामं चावीताईंकडे होती. दगडाला पाटी लावायची म्हणून नव्या साहेबांनी आज त्यांच्याकडून ती मुद्दाम ऐकली. उद्या सकाळी पाटीवाला येणार होता.

चावीताईंनी टाचा उंच करून पाहिलं. समोर वखारीची भलीमोठी भिंत होती, आणि भिंतीच्या वर आभाळ.

"भिंत नंतरची असेल," त्या म्हणाल्या.

"नाही ना. चढण बघा, भिंतीला वळसा घालून आलीय. म्हणजे भिंत आधीची. दगड त्यानंतरचा."

"मग मडमेला दिसायचं तरी काय?"

"वखारीची पाठ."

दोघंही हसले. पण चावीताईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दगड छातीइतका उंच, वरून सपाट. त्याच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला. ती कड इतकी गुळगुळीत का, हे रोज पुसूनही आजवर कधी मनातच आलं नव्हतं.

"साहेब, दिव्यानं दगड झिजतो का हो?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "तुम्हाला ही गोष्ट सांगितली कुणी?"

"आमच्या आबांनी," त्या म्हणाल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत तडक घरी गेल्या.

आबा खाटेवर बसून चहात पाव बुडवत होते. बंदर गाळानं भरून बंद पडेपर्यंत ते धक्क्यावर हमाल होते. लेकीचा प्रश्न ऐकून त्यांना एकदम कमी ऐकू यायला लागलं.

"आबा, सोंग पुरे. मडम खरी का खोटी?"

पाव चहात पडला. आबांनी तो चमच्यानं शोधला.

"तू लहान होतीस. शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन आलीस, नि दगडाला बोट लावून विचारलंस, आबा हे काय? आता त्या पोरींसमोर काय सांगू? इथं हिचा बाप पाठीवरचं पोतं टेकवतो नि धापा टाकतो, असं?"

"म्हणून मडम आणलीत?"

"आली तोंडात. पोरींना आवडली."

"आणि तिचा नवरा बुडवलात!"

"तो तू बुडवलास. मी त्याला परत आणला होता."

चावीताईंना हसू आलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं त्या दिवा दाखवत होत्या, आणि त्याच जागी एकेकाळी बाप घाम पुसायचा. त्यांना बापाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

"पोतं खाली टेकवलं तर एकट्याला परत उचलवत नाही," आबा आपणहून बोलू लागले. "कंपनीनं चढण केली, पण दम खायला जागा नाही केली. मग हमालांनीच हा दगड ओढून आणला नि बसवला. माझा आजा होता त्यात."

"मग हे का नाही सांगितलंत कधी?"

"ह्यात सांगण्यासारखं काय आहे?"

चावीताई तशाच उठल्या आणि साहेबांना हे सांगायला वखारीकडे निघाल्या. जेवणही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आबांना हाताला धरून चढणीनं घेऊन आल्या. येताना आबांची एकच कुरकुर होती, की मडमेला काढून माझी पाटी लावाल तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. पाटीवाला रंगाचा डबा उघडून तयार होता. साहेबांनी खुर्ची मागवली. आबांनी ती बाजूला सारली.

"कसं टेकवायचात, दाखवाल?" साहेबांनी विचारलं.

आबा अवघडले. इकडे तिकडे पाहिलं, घसा खाकरला. मग दगडाकडे पाठ केली. दोन्ही हात खांद्यांवरून मागे गेले, नसलेल्या पोत्याचे दोन कान त्यांनी घट्ट धरले. गुडघे किंचित वाकवून ते मागे सरले. कड पाठीला लागली, तसे हात हळूच सुटून खाली आले. त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला.

"काय लिहू, साहेब?" पाटीवाल्यानं विचारलं.

साहेब वहीत बघून काही सांगणार, तोच चावीताईंनी हात वर केला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "दम खाऊ दे त्यांना."